मक्यातल्या आणि पेंडीतल्या बुरशीविषावर प्रोजेक्ट करायचाय? मग किटपासून नको, पोत्यापासून सुरू करा

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केली, सांगलीतच, आणि प्रोजेक्ट घेतला होता मका आणि पशुखाद्यातलं ॲफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीनं केलेलं एक विष. हा विषय का घेतला ते आधी सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या वाळवा तालुक्यातल्या गावात शिरलं तेव्हा खालच्या खोलीतली चार पोती मका भिजली. पाणी ओसरल्यावर आजीनं ती ताडपत्रीवर वाळवली, दाणे काळपट-हिरवे पडले होते, कुबट वास मारत होता, पण एवढं धान्य फेकायचं कसं म्हणून भरडून म्हशींना घातलं. दूध डेअरीला जात होतं आणि घरात पण तेच पीत होतो, माझा चुलतभाऊ तेव्हा दीड वर्षाचा होता. पुढं वर्गात सरांनी बोर्डवर लिहिलं की जनावरानं ॲफ्लाटॉक्सिन बी-वन खाल्लं की ते दुधातून एम-वन होऊन बाहेर येतं, तेव्हा मला ती ताडपत्रीच डोळ्यासमोर आली.

आता दरवर्षी ज्युनियर पोरापोरींचे फोन येतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला, ताई, विष मोजायचं किट कुठलं घेऊ? किट ही सगळ्यात शेवटची गोष्ट आहे बघा. माझे पहिले तीन महिने वाया गेले ते किटमुळं नाही, पोत्यातून दाणे कसे काढायचे नि लॅबपर्यंत कसे आणायचे हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून. म्हणून हे सगळं ओळीनं लिहून ठेवते.

१. बुरशी वेगळी, विष वेगळं

हे आधी डोक्यात पक्कं बसवा. बुरशी दिसते, विष दिसत नाही. हिरवट दाण्यात विष नसू शकतं, कारण त्या बुरशीच्या सगळ्याच जाती विष करत नाहीत, आणि पॉलिश मारल्यासारख्या स्वच्छ दिसणाऱ्या पेंडीत ते भरपूर असू शकतं, कारण बुरशी मेली, दळण झालं, गोळी झाली तरी विष तिथंच राहतं. भाकरी भाजली, भरडा शिजवला, दूध उकळलं म्हणून ते जात नाही, आपल्या चुलीच्या आचेला ॲफ्लाटॉक्सिन दाद देत नाही.

आपल्याकडं मुख्य पात्रं अशी: ॲस्परजिलस फ्लेवस, पिवळट-हिरवी, उष्ण दमट हवेची, हिच्यामुळं ॲफ्लाटॉक्सिन. हिच्या नावातली अक्षरं घेऊनच विषाचं नाव पडलंय. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, कारण कळेना, शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंग पेंडीत हे सापडलं. म्हणजे या विषाचा शोधच मुळात पशुखाद्यातून लागलाय. दुसरी फ्युजेरियम, पांढरी-गुलाबी, शेतातच कणसावर येते, तिच्यामुळं मक्यात फ्युमोनिसिन आणि गव्हात डीऑक्सीनिव्हॅलेनॉल. तिसरं ओक्राटॉक्सिन, ते साठवणीतलं. बाजरीवरचा अरगट हा वेगळाच प्रकार, ते काळे टणक दाणे, त्यावर शेतकरी २० टक्के मिठाच्या पाण्यात बियाणं बुडवून तरंगणारं काढून टाकतात ते तुम्ही घरी बघितलं असेल.

गाइड म्हणाले तरी पहिल्याच प्रोजेक्टमध्ये सगळी विषं घेऊ नका. एक घ्या, फार तर दोन.

लिमिट पाठ पाहिजेत: एफएसएसएआय, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाप्रमाणं तृणधान्यात एकूण ॲफ्लाटॉक्सिन किलोला १५ मायक्रोग्रॅम, दुधात एम-वन ०.५ मायक्रोग्रॅम, गव्हात डीऑक्सीनिव्हॅलेनॉल १००० मायक्रोग्रॅम. गाई-म्हशींच्या मिश्र खाद्याला बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) मानक आयएस २०५२, त्यात बी-वन २० पीपीबी. किलोला एक मायक्रोग्रॅम म्हणजेच एक पीपीबी. २० पीपीबी म्हणजे एक टन खाद्यात फक्त २० मिलिग्रॅम, चिमूटभर पण नाही. युरोपात दुधाचं लिमिट आपल्यापेक्षा दहापट कडक आहे, ०.०५, त्यामुळं कुठलाही पेपर वाचताना लेखकानं कुठल्या लिमिटशी तुलना केलीय ते आधी बघा, नाहीतर गोंधळ होतो.

२. प्रश्न एवढा लहान करा की एका वाक्यात आईला सांगता येईल

"सांगली जिल्ह्यातील पशुखाद्याचा अभ्यास" हा प्रश्न नाही, ते नुसतं शीर्षक झालं. आपला जिल्हा या कामासाठी फार चांगला आहे, कारण एकाच जिल्ह्यात दोन टोकं आहेत. शिराळ्याकडं पाऊसच पाऊस, काढणीला आलेलं कणीस परतीच्या पावसात सापडतं. जत-आटपाडीकडं उलटं, दाणा भरताना पाणी नाही, ऊन नि ताण. आणि नवीन माणसाला वाटतं पावसाचा भाग तेवढाच धोक्याचा, तसं नाही, दाणा भरताना पिकाला पाण्याचा ताण आणि उष्णता मिळाली की ॲस्परजिलस शेतातच आत शिरते. भुईमुगाचं पण तसंच, शेवटच्या तीन-चार आठवड्यांचा ताण वाईट. म्हणजे दोन्हीकडं ॲफ्लाटॉक्सिन मिळू शकतं पण वाट वेगळी.

यातून साधे प्रश्न निघतात. खरिपाची मका आणि उन्हाळ्यात निघणारी रब्बीची मका यात किती फरक? कणसं तशीच ठेवलेली आणि दाणे करून पोत्यात भरलेले, कुठं जास्त? गोठ्यात पेंडीचं पोतं उघडल्यापासून महिन्यानं काय होतं? विटा भागात पोल्ट्री खूप आहेत, तिकडच्या कुणी मक्याच्या गाडीचा माल उतरताना आणि पंधरा दिवसांनी असा दोनदा तपासला तरी छान काम होईल. साताऱ्याच्या पोरांनी फलटण-माणकडचा दुष्काळी पट्टा आणि पाटण-जावळीचा पावसाचा पट्टा घेतला तरी हेच जमतं.

३. कागद आणि सामान

हे जमवल्याशिवाय गाडीला किक मारू नका.

- विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, मार्केट कमिटीच्या सचिवांच्या नावानं. पत्राशिवाय यार्डात पोत्याला हात लावू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.
- शेतकऱ्याचं संमतीपत्र, मराठीत, एका पानाचं. नाव कुठंही छापणार नाही आणि रिझल्ट तुम्हाला देणार, ही दोन वाक्यं त्यात मोठ्या अक्षरात.
- नोंदवही. मोबाइलवर नको, मोबाइल बंद पडतो. तारीख, गाव, वाण, काढणी कधी, पाऊस लागला का, किती दिवस वाळवलं, कशावर साठवलं, ओलावा.
- जनावरांना मुद्दाम खाऊ घालून प्रयोग करणार असाल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी, माणसांचं रक्त-लघवी घेणार असाल तर मानवी नैतिकता समितीची. नुसतं खाद्य आणि डेअरीला जाणारं दूध घेणार असाल तरी गाइडला विचारून लेखी उत्तर ठेवा.
- पोत्यात खुपसायची पोकळ टोकदार लोखंडी नळी. यार्डात ती सगळ्यांकडं असते पण तुम्हाला लांब पाहिजे, पोत्याच्या मधोमध आणि बुडापर्यंत जाणारी.
- कापडी किंवा जाड कागदी पिशव्या, पेन्सिलनं लिहिलेल्या चिठ्ठ्या, एक पिशवीच्या आत, एक बाहेर. पेनाची शाई दमट हवेत पसरते.
- वजनकाटा, स्वच्छ ताडपत्री, ओलावा मोजायचं मीटर, एन-९५ मास्क, नायट्राइलचे हातमोजे.

मीटरवर आंधळा विश्वास ठेवू नका. पाच-सहा सॅम्पलांचा ओलावा ओव्हनमध्ये पण काढा, मक्याचे अख्खे दाणे १०३ अंशाला ७२ तास, आणि मीटर किती चुकतंय ते वहीत लिहा.

४. सॅम्पल काढणं, इथंच सगळं ठरतं

हा भाग दोनदा वाचा.

दुधात पाणी सारखं मिसळतं तसं हे विष पोत्यात मिसळलेलं नसतं. हजार दाण्यांत एखादाच खराब, पण जो खराब असतो तो भयानक असतो. मक्याच्या एकेका दाण्यात चार लाख पीपीबीच्या वर ॲफ्लाटॉक्सिन सापडल्याची नोंद आहे. आता हिशोब करा, दाण्याचं वजन धरा ०.३ ग्रॅम, म्हणजे त्या एका दाण्यात १२० मायक्रोग्रॅम विष. तो दाणा पाच किलोच्या सॅम्पलमध्ये आला तर अख्खं सॅम्पल २४ पीपीबी दाखवणार, लिमिटच्या वर. आणि नाही आला तर शून्य. तीच पोती, तोच दिवस, तोच माणूस. म्हणून वरून मूठभर मका घेतली, १०० ग्रॅम पुडीत बांधली नि लॅबला दिली, तर मशीन कितीही भारी असलं तरी तुमच्या आकड्याला अर्थ नाही. एकूण चुकीतला सगळ्यात मोठा वाटा सॅम्पल काढण्यातच असतो, टेस्टमध्ये नाही.

मी यार्डात पहिल्या दिवशी थप्पीच्या पुढच्या पोत्यांतून वरचे वरचे दाणे काढत होते. एक वयस्कर हमाल बराच वेळ बघत होते, मग जवळ आले, म्हणाले, "ताई, वरचं काय बघताय, बुडाला हात घाला, फरशी ओल ओढती." आणि त्यांनी थप्पीतलं सगळ्यात खालचं भिंतीकडचं पोतं दाखवलं. नळी बुडाला घातली तर बाहेर आलेले दाणे एकमेकांना चिकटलेले, हाताला गरम लागले. वरच्या पोत्याची मका खडखडीत होती. गरम का, तर ओल्या धान्यात दाणा आणि बुरशी दोन्ही श्वास घेतात, त्यातून उष्णता नि आणखी पाणी सुटतं आणि ते पुढच्या दाण्यांना ओलं करत जातं. त्या दिवसापासून मी प्रत्येक थप्पीत वर, मध्ये, खाली, भिंतीकडं नि दाराकडं असं ठरवूनच काढायला लागले.

किती ठिकाणांहून काढायचं याला युरोपातल्या नियमात तक्ता आहे तो धरा, सोपा आहे. एक टनापर्यंत माल असेल तर जास्तीत जास्त दहा जागा, एक ते तीन टन वीस, तीन ते दहा टन चाळीस. प्रत्येक जागेहून साधारण १०० ग्रॅम, आणि ते सगळं एकत्र. मी स्वतःपुरता नियम केला होता की एकत्र केलेलं सॅम्पल पाच किलोच्या खाली जाऊ द्यायचं नाही, माल कमी असला तरी.

गोठ्यातल्या पेंडीचं वेगळं. तिथं एक उघडा कट्टा आणि दोन बंद असतात. उघड्यातून आणि बंदमधून वेगळी सॅम्पल घ्या, मिसळू नका. गव्हाणीतलं उष्टं घेऊ नका, त्यात लाळ नि पाणी असतं. मुरघास घेणार असाल तर उघडलेल्या तोंडाचा एक फूट आणि आतला भाग वेगवेगळा, कारण हवा लागते तिथंच बुरशी येते.

आणि अजून एक, फार महत्त्वाचं. शेतकरी किंवा व्यापारी चांगलं दिसणारं पोतं पुढं करतात, कुणालाही आपला माल वाईट निघावा वाटत नाही. काही जण उलट सगळ्यात खराब कोपरा दाखवतात. दोन्ही नम्रपणे नाकारा, पोत्यांना नंबर द्या आणि चिठ्ठ्या टाकून निवडा.

५. लॅबपर्यंत आणताना, माझी चूक करू नका

माझे पहिले अठ्ठावीस सॅम्पल मी प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून आणले. सप्टेंबरचा महिना, ताजी मका, ओलावा काहींत १८-१९ टक्के. शुक्रवारी संध्याकाळी पोचले, लॅबच्या टेबलाखाली पिशव्या ठेवल्या आणि गणपतीला घरी गेले. आठव्या दिवशी येऊन बघते तर पिशव्यांच्या आतून पाण्याचे थेंब आणि कोपऱ्याकोपऱ्यात हिरवी भुकटी. म्हणजे विष शेतातलं की माझ्या पिशवीतलं हे सांगायला काही मार्गच उरला नाही. अठ्ठावीस घरं फिरले होते, लोकांनी काम सोडून पोती उघडून दिली होती, ते सगळं फुकट गेलं, मी त्या दिवशी लॅबच्या जिन्यात बसून रडले. सगळी सॅम्पल टाकून दिली. काही जण म्हणाले आकडे काढून तर बघ, पण ते खोटे आकडे झाले असते.

तर नियम असा: ओलं सॅम्पल प्लास्टिकमध्ये अजिबात नाही. कापडी पिशवी, त्याच दिवशी लॅब, त्याच रात्री ओव्हनमध्ये ५०-६० अंशाला पसरून वाळवणं, दहा टक्क्यांच्या आसपास आलं की मग हवाबंद. वाळवायची सोय नसेल तर उणे २० चा फ्रीजर. ओलाव्याची नोंद मात्र वाळवायच्या आधी, जागेवरच. आणि मोठ्या सुट्टीच्या आदल्या आठवड्यात सॅम्पल काढूच नका.

६. दळणं

पाच किलो आणलं आणि त्यातलं ५० ग्रॅम काढून दळलं, तर पाच किलो आणलं कशाला? आख्खं सॅम्पल दळायचं. वीस मेशच्या चाळणीतून बहुतेक सगळं पडलं पाहिजे, बारीक रव्यासारखं. मग ताडपत्रीवर ढीग करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला, परत मिसळा, परत चार भाग, असं करत ५०० ग्रॅमवर या. त्यातला निम्मा भाग जपून ठेवायचा, परत तपासायची वेळ येतेच.

गावातल्या गिरणीत दळू नका, एकतर तिथं लोकांचं खायचं पीठ निघतं, आणि आधीच्या दळणाचं पीठ तुमच्यात मिसळतं. लॅबची गिरणी प्रत्येक सॅम्पलनंतर ब्रशनं झाडा, स्वच्छ मका मूठभर दळून टाकून द्या, मग पुढचं. दळताना मास्क सोडायचा नाही, धुळीतूनच हे विष आणि बीजाणू छातीत जातात. खोलीत पंखा नको, खिडकी उघडी.

७. टेस्ट कुठली

तीन पायऱ्या समजून घ्या.

काळ्या दिव्याखाली, म्हणजे ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली, भरडलेल्या मक्यात हिरवट-पिवळा चमकणारा कण दिसतो. बघायला फार सुंदर दिसतं आणि नवीन माणूस तिथंच फसतो, कारण ते चमकणं ॲफ्लाटॉक्सिनचं नसतं, त्या बुरशीनं केलेल्या कोजिक ॲसिडपासून तयार झालेल्या पदार्थाचं असतं. म्हणजे बुरशी इथं होती एवढंच कळतं. छाननीला ठीक, आकडा म्हणून लिहायला नाही.

एलायझा, म्हणजे खाचांच्या प्लेटमध्ये रंगावरून विष मोजायची टेस्ट, बहुतेकांच्या बजेटमध्ये हेच बसतं. २० ग्रॅम पीठ, १०० मिलि ७० टक्के मिथेनॉल, चांगलं हलवून गाळून घ्यायचं, मग किटच्या कागदाप्रमाणं. इथले खड्डे सांगते:

- हे स्पर्धात्मक एलायझा असतं. रंग गडद म्हणजे विष कमी, रंग फिका म्हणजे विष जास्त. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलानं पूर्ण प्लेट उलटी वाचली होती.
- किट फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार रिएजंट वापरले की सगळी प्लेट वाकडी येते.
- ९६ खाचांत सहा स्टँडर्ड (विषाचं प्रमाण माहीत असलेली द्रावणं) दोन-दोनदा म्हणजे १२ खाचा गेल्या, उरलेल्या ८४ मध्ये ४२ सॅम्पल दोन-दोनदा. या हिशोबानं सॅम्पल साठवा आणि मग प्लेट लावा, चार-चार सॅम्पलांसाठी किट फोडू नका.
- सॅम्पल सगळ्यात वरच्या स्टँडर्डच्या पुढं गेलं तर "जास्त" लिहून सोडू नका, पातळ करून परत लावा.
- काही किटांत पातळ केल्याचा गुणाकार स्टँडर्डच्या आकड्यात आधीच धरलेला असतो, काहींत नसतो. हे कागदावर बारीक अक्षरात असतं. पाचपट चूक इथंच होते.
- किट मक्यासाठी तपासलेलं असतं, तुम्ही त्यात सरकी पेंड, मळी, खनिज मिश्रण असलेली गोळी पेंड घालता. ती रंगात ढवळाढवळ करते. म्हणून स्वच्छ पेंडीत माहीत असलेलं विष स्वतः मिसळा आणि किती परत मिळतं बघा, ७० ते ११० टक्क्यांत आलं तरच पुढं जा. परीक्षक हाच प्रश्न विचारतात आणि विचारायलाच पाहिजे.

तिसरी पायरी एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, आधी इम्युनोॲफिनिटी कॉलमवर (हेच विष धरून ठेवणाऱ्या नळीवर) साफ करून. तुमच्याकडं नसेल तर एलायझात लिमिटच्या आसपास आलेली आणि वर गेलेली सॅम्पल तेवढी एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबला पाठवा, पण पाठवायच्या आधी त्यांच्या मान्यतेच्या यादीत ॲफ्लाटॉक्सिन आणि पशुखाद्य दोन्ही आहे का ते विचारा. लॅब मान्यताप्राप्त असते पण या टेस्टसाठी नसते, असं बऱ्याचदा होतं. सल्ला पाहिजे असेल तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा आपल्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन प्रत्यक्ष भेटा, फोनवर हे बोलणं होत नाही.

८. स्वतःला जपा

ॲफ्लाटॉक्सिन हे माणसात कॅन्सर करतं हे पक्कं सिद्ध झालेल्या गटात आहे, यकृताचा. स्टँडर्ड कोरड्या पावडरमध्ये मागवू नका, द्रावणातच मागवा, ती पावडर स्थिर विजेनं उडते नि डोळ्याला दिसत पण नाही. काचसामान वापरून झालं की हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून ठेवा, त्यात ॲसिड मिसळू द्यायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. बाटल्या तपकिरी काचेच्या. हातमोजे घालून मोबाइल उचलायचा नाही, हे सांगावं लागतंय कारण सगळे तेच करतात.

९. आकडे लिहिताना

किटला जे मोजता येत नाही ते शून्य नसतं. "मोजण्याच्या मर्यादेखाली" लिहा आणि मर्यादा किती तेही लिहा. सरासरी एकटी देऊ नका, कारण पन्नास स्वच्छ सॅम्पल आणि दोन भयंकर सॅम्पल असली की सरासरी मध्येच कुठंतरी लटकते आणि काहीच सांगत नाही. मध्यक द्या, सगळ्यात जास्त आकडा द्या, लिमिटच्या वर किती गेली ती संख्या द्या. आणि चाळीस सॅम्पलांवरून "सांगली जिल्ह्यातील मका विषारी" असं लिहू नका. तालुक्यात लोकांची पोटं त्या मक्यावर आहेत.

कंपनीचं किंवा दुकानाचं नाव रिपोर्टमध्ये नको, कोड नंबर द्या. एका कट्ट्यावरून एखाद्या ब्रँडबद्दल बोलणं चूक आहे, तो कट्टा दुकानात ओल्या भिंतीला सहा महिने टेकलेला असू शकतो.

१०. दूध पण घ्या, जमलं तर

बी-वन पोटात गेलं की त्यातलं साधारण एक ते तीन टक्के दुधात एम-वन होऊन येतं, जास्त दुधाच्या गाईत सहा टक्क्यांपर्यंत. साधा हिशोब: गाय दिवसाला पाच किलो पेंड खाते, पेंडीत ५० पीपीबी बी-वन, म्हणजे २५० मायक्रोग्रॅम पोटात. दोन टक्के धरले तर पाच मायक्रोग्रॅम दुधात. दूध दहा लिटर, म्हणजे लिटरला ०.५, बरोबर लिमिटवर. गाय चालते-फिरते, रवंथ करते, फॅट लागते, काहीच दिसत नाही. २०१८ मध्ये एफएसएसएआयनं देशभर ६,४३२ दुधाची सॅम्पल तपासली, त्यातल्या ५.७ टक्क्यांत एम-वन लिमिटच्या वर होतं, भेसळीच्या आरड्याओरड्यात हा आकडा कुणी बोललंच नाही. पनीर करणाऱ्यांनी अजून जपावं, एम-वन दुधातल्या केसिन या प्रथिनाला चिकटतं त्यामुळं पनीरमध्ये ते दाट होतं.

दुधाचं सॅम्पल संकलन केंद्राच्या कॅनमधलं घेतलंत तर गोठ्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही. पेंड ज्या गोठ्यातली, दूध त्याच गोठ्यातलं, आणि पेंड घेतल्याच्या दुसऱ्या दिवशीचं.

११. रिझल्ट परत द्यायला स्वतः जा

बहुतेक जण इथं थांबतात, थिसिस बांधून झाला की संपलं. मी दुसऱ्या वेळेला ज्या घरांतून सॅम्पल घेतली त्या सगळ्या घरांना परत गेले. कासेगाव भागातल्या एका काकूंच्या गोठ्यातला भरडा लिमिटच्या बराच वर होता. त्या म्हणाल्या, "माणसाला चालंना म्हणून म्हशीला घातली, वाया कशाला घालवायची." मला आजीच समोर बसल्यासारखं वाटलं. त्यांना पीपीबी सांगून उपयोग नव्हता. मी १९७४ ची गोष्ट सांगितली, गुजरातचं पंचमहाल आणि राजस्थानचं बांसवाडा, अवेळी पावसात भिजलेली मका गरीब आदिवासी घरांत खाल्ली गेली, कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभराच्या वर माणसं गेली आणि त्याच घरातल्या भाकरीवर जगणारी कुत्री पण गेली. मग त्यांनी नातवाच्या दुधाच्या वाटीकडं बघितलं आणि विचारलं, आता काय करू?

तर रिझल्ट नुसता देऊ नका, सोबत हे सांगा, यातलं सगळं घरात होण्यासारखं आहे:

खराब भरडा आजच बंद करा, चांगल्यात मिसळून संपवू नका. कोंबड्यांना पण नको, पिल्लांना तर अजिबात नको, ती मोठ्या जनावरापेक्षा जास्त नाजूक असतात. खड्डा काढून पुरा, उकिरड्यावर टाकलं की कोंबड्या वेचतात. खाद्य बंद केल्यावर साधारण तीन-चार दिवसांत दुधातलं एम-वन उतरतं, म्हणजे नुकसान कायमचं नाही, हे आवर्जून सांगा, नाहीतर माणूस घाबरून जनावर विकायला निघतो.

पुढच्या वेळची मका काढणीनंतर लगेच वाळवायची, ताडपत्रीवर, मातीवर नाही, आणि १३ टक्क्यांच्या खाली आणून भरायची, शेंगदाणा असेल तर आठच्या खाली. मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका नि थोडं कोरडं मीठ टाकून हलवायचं, मीठ काचेला चिकटलं तर मका अजून ओली आहे. फुटके, सुरकुतलेले, रंग गेलेले दाणे आणि चाळणीखालचा चुरा बाजूला काढायचा, विष त्यातच जास्त असतं. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

साठवणीच्या हवाबंद पिशव्या लोकांना पटवायला मला सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांची, म्हणजे जमिनीतल्या साठवणीच्या खड्ड्यांची, मदत झाली. हळदीचं पेव कसं बंद करतात, उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, आधी हवा खेळू देतात, कारण आत श्वास घ्यायला प्राणवायू नसतो, हे जुन्या माणसांना माहीत असतं. मग सांगायचं की पिशवीत पण तेच, प्राणवायू संपला की किडा नि बुरशी दोन्ही थांबतात. फक्त माल आधी वाळलेला पाहिजे, ओला भरला तर आत आंबतो.

दुकानदार टॉक्सिन बाइंडर, म्हणजे विष धरून ठेवायला खाद्यात मिसळायची पूड, देतात, त्याबद्दल विचारतातच. बेंटोनाइटसारखी माती ॲफ्लाटॉक्सिन बऱ्यापैकी धरून ठेवते हे खरं आहे, पण फ्युजेरियमच्या विषांवर, डीऑक्सीनिव्हॅलेनॉल किंवा टी-२ वर तिचा फारसा उपयोग नाही, आणि बाइंडर घातलं म्हणून हिरवा भरडा चालतो असं नाही. हे स्पष्ट सांगा.

त्या काकूंकडं मी आठवड्यानं परत गेले दुधाचं दुसरं सॅम्पल घ्यायला. भरडा पुरला होता, जागा दाखवली. नवीन कट्टा फळीवर उभा होता, आणि त्यावर त्यांच्या सुनेनं खडूनं उघडल्याची तारीख लिहिली होती.